सरलाआत्याचा खोटा मासा

श्रीकांत दातारच्या गळाला लागलेला आयुष्यातला पहिला जीव म्हणजे त्याची सख्खी आत्या.

कोलकात्यातल्या भवानीपूरच्या घराची गच्ची. रविवारची सकाळ. सरलाआत्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सूचना देत होती की मनगटाने नको, कोपरातून फेक. त्याआधी श्रीकांतने हातात धरलेली सर्वांत लांब वस्तू म्हणजे जळमटं काढायचा झाडू. त्याने मनगट, कोपर, खांदा आणि बहुधा मानसुद्धा एकदम वापरून गळाची काठी मागे नेली. मागे ती गेली छान, पुढे मात्र येईना. कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकली असणार, असं समजून त्याने एक हिसका दिला. हा हिसका पुढे घरात फार गाजला. हिसक्यानंतर मागून अगदी शांत आवाज आला.

"ओढू नकोस. मी आहे."

लाल डोक्याचा, पांढऱ्या अंगाचा, बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा मासा आत्याच्या अंबाड्यात रुतून बसला होता. त्या माशाला पोटाशी एक आणि शेपटीशी एक असे तीन-तीन दातांचे दोन गळ. पोटाचा गळ केसांत गुंतला होता आणि शेपटीचा तिच्या डाव्या कानापासून दोन बोटांवर झुलत होता. आत्या पापणी न हलवता बसून होती. श्रीकांत होता तिथेच खाली बसला. मग आत्यानेच त्याला काय काय करायचं ते सांगितलं : आधी काठी खाली ठेव, मग तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सैल सोड, मग मधुराला हाक मार आणि कात्री आणायला सांग. मधुरा म्हणजे श्रीकांतची बायको. ती आली, तिने एकदा आत्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता माशासकट अंबाडा कापला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, ते तिने पुढच्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने बोलून घेतलं.

आत्या म्हणाली की उकाड्यात केस जडच होत होते, बरं झालं. श्रीकांतला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. डोळे मिटले की दोन बोटांवर झुलणारा गळ दिसे.

आता हा पापभीरू माणूस, जो बादलीतल्या पाण्यात तांब्या बुडवतानाही जरा बाजूला उभा राहतो, तो मासे धरायची काठी घेऊन गच्चीवर चढलाच का, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी सरलाआत्या सांगायला हवी.

सरला दातार, वय सदुसष्ट. तिचे वडील साताऱ्याहून खिदिरपूरला एका जहाज कंपनीत कारकून म्हणून आले आणि परत जायचं राहून गेलं. आत्या आणि तिचा थोरला भाऊ मनोहर, म्हणजे श्रीकांतचे बाबा, दोघंही जन्माने कोलकात्याची. आत्या बाजारात बंगाली बोलते, बँकेत इंग्रजी, टॅक्सीवाल्याशी हिंदी आणि रागावली की मराठी. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची छाती असलेली पिढी आता राहिली नाही. तीस वर्षं तिने मुलींच्या एका बंगाली शाळेत भूगोल शिकवला आणि रविवारी मासे धरले.

कोलकात्यात हा छंद बसून करायचा असतो. तलावाचा मालक तिकीट देतो. तिकीट घेतलं की काठावरची एक जागा दिवसभर तुमची. मग डोक्यावर छत्री, मांडीवर डबा आणि नजर तंगुसाला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पिसावर. पीस बुडेपर्यंत माणसाने झाडासारखं राहायचं. आजोबांना आपल्या मुलाला हे शिकवायचं होतं, पण मनोहर गांडूळ बघितलं की रडायचा. म्हणून मुलीला नेलं. मुलगी बसली ती पन्नास-पंचावन्न वर्षं बसली. काठावरच्या बंगाली बाबूंनी सुरुवातीला तिला कोपऱ्यातली, उन्हाची, चिखलाची जागा दिली. पुढे तेच बाबू "दीदीमणी, आज चारात काय घातलंत?" असं लाडीगोडीने विचारू लागले. चार म्हणजे माशांना जवळ बोलावण्यासाठी पाण्यात टाकायचा वासाचा लगदा. प्रत्येकाचा चार हे प्रत्येकाचं गुपित असतं. लोक तो डब्यात झाकून आणतात आणि पाठ करून मळतात. आत्याच्या चारात दर दिवाळीला पुण्याहून येणारा गोडा मसाला असे. बंगालच्या रोहूला दगडफुलाचा वास आवडतो, ही गोष्ट सगळ्या जगात फक्त दातारांच्या घराला ठाऊक होती.

लहानपणी श्रीकांत कधीमधी तिच्याबरोबर जायचा. त्याच्या आठवणीत एवढंच आहे की आत्याची जागा ठरलेली असायची, जुन्या वडाच्या मुळाशी. उजव्या हातात काठी आणि डावा हात दिवसभर त्या मुळावर. मुळावर हात ठेवला की मासा लागत असणार, अशी त्याची समजूत होती. प्रत्येक छंदाचं एक देवदैवत असतं, तसं हे असेल.

तर अशी ही आत्या एके दिवशी जेवताना म्हणाली की या हिवाळ्यात तिला अंदमानला जायचंय. इथपर्यंत कोणी घास थांबवला नाही. कोलकात्यातले लोक अंदमानला जातातच. मग ती म्हणाली की तिथे समुद्राच्या काठावर उभं राहून खोटा मासा फेकायचा आहे, आणि मनोहररावांचा घास थांबला.

कोणीतरी तिला फोनवर एक चित्रफीत पाठवली होती. कुठल्याशा बेटावरच्या खडकावर एक बाई उभी आहे, भोवती लाटा फुटताहेत, ती प्लॅस्टिकचा मासा लांब फेकते आणि भराभर रीळ फिरवून परत आणते. आमिष नाही, चार नाही, पीस नाही, छत्री नाही. मोठा मासा त्या खोट्या माशावर रागाने झडप घालतो. आत्याने ते कितीदा पाहिलं कोण जाणे. तिचं म्हणणं साधं होतं. तीस वर्षं तिने फळ्यावर भारताचा नकाशा काढला आणि शेवटी उजवीकडे खाली खडूचे ठिपके दिले. ते ठिपके एकदा पायाखाली घ्यायचे होते. आणि सगळा जन्म पाण्यासमोर बसून गेला, एकदा पाण्यासमोर उभं राहायचं होतं.

आणि ते याच हिवाळ्यात. कारण तिचा उजवा गुडघा संपला होता. उन्हाळ्याच्या आत तो बदलायचा हे ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्या गुडघ्यावर बाजार करा, देऊळ करा, खडक मात्र कायमचे विसरा.

मनोहरराव बहिणीला नाही म्हणू शकत नाहीत. ते अटी घालतात. त्यांनी अट घातली की घरातला एक माणूस बरोबर हवा, आणि त्या माणसाने आधी सगळी चौकशी करून, तालीम करून, जाण्यात धोका नाही असा शब्द द्यायला हवा. त्याने शब्द दिला तरच जायचं. यावर मधुराचा भाऊ उदय, जो त्या दिवशी जेवायला होता, ताबडतोब तयार झाला. उदय पोहतो. उदय गोव्याला समुद्राच्या तळाशी जाऊन आलेला आहे आणि ते ऐकायचं टाळून घराबाहेर पडलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. दणकट अंगाचा माणूस, भीती कशाशी खातात हे ठाऊक नाही. त्याच्याहून योग्य सोबत कोणती?

आत्या म्हणाली, "श्रीकांत येईल."

श्रीकांतला वाटलं, तिने चुकून नाव घेतलं. उदयला वाटलं, ती भिडेपोटी बोलली. मनोहररावांनी मात्र हे लगेच मान्य केलं आणि समाधानाने ताक मागितलं, कारण श्रीकांत शेवटी नाहीच म्हणणार याची त्यांना पक्की खात्री होती.

तसं पाहिलं तर त्यांचा अंदाज बरोबर होता. श्रीकांत सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरी करतो आणि काय काय बिघडू शकतं याचा आधी विचार करणं हेच त्याचं काम. या कामासाठी त्याला पगार मिळतो, पण पगार नसता तरी त्याने ते केलंच असतं. हावड्याला जाताना तो फेरीबोट सोडून पुलावरून बसने जातो. पाण्याची भीती वाटते असं त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला बोट 'लागते', असं घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढ्यावर आजवर भागलं होतं.

त्याने अभ्यास सुरू केला. जितका अभ्यास वाढला तितका तो बारीक होत गेला. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर मगरींपासून सावध राहायच्या पाट्या आहेत, आणि या मगरी समुद्रात पोहतात. मगरीने निदान नदीत राहावं एवढी तरी त्याची अपेक्षा होती. उथळ पाण्यात एक मासा असतो, तो हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात. म्हणजे दगडावर पाय ठेवावा तर तो मासा निघणार आणि मासा म्हणून फेकतोय ते प्लॅस्टिक. खडकांवरचं शेवाळ बुटालाही दाद देत नाही. शांत समुद्रात मध्येच एखादी मोठी लाट येते आणि ती सांगून येत नाही. मोठा मासा लागला तर तंगूस बोट कापते. शिवाय कुठल्या किनाऱ्यावर मासे धरायला बंदी आहे ते आधी विचारून घ्यावं लागतं, नाहीतर मगरीतून सुटलेला माणूस पोलिसांत सापडायचा.

जेवताना तो यातला रोज एक धोका आत्याला वाढत असे. आत्या ऐकून घेई. "बरं. मग त्यावर काय करायचं?" एवढंच विचारी. आणि श्रीकांत, जो खरं तर तिला घाबरवायला आला होता, तो उपाय शोधायला बसे. खिळ्यांच्या तळव्याचे बूट, पाय न आपटता ओढत चालणं, हातमोजे, पाठ समुद्राकडे कधीही न करणं. मगर पोचणार नाही इतक्या उंच आणि मोकळ्या खडकावरूनच फेकायचं. भरती-ओहोटीच्या वेळांसाठी त्याने फोनमध्ये एक ॲप घेतलं, त्यात पोर्ट ब्लेअर हे गाव घातलं आणि ते इतक्या वेळा उघडलं की त्याच्या मुलीला वाटलं, बाबांचं तिकडे कोणी आजारी आहे.

गच्चीवरच्या त्या प्रसंगानंतर त्याने माशाचे दोन्ही गळ पकडीने कापून टाकले. पुढची तालीम बिनगळाची. आणि गच्चीवर फेकून कळतं काय? वाहतं पाणी हवं, पायऱ्या हव्यात, ओल हवी. खडकाच्या जवळ जाणारी गोष्ट कोलकात्यात एकच, गंगेचा घाट. श्रीकांतने दिवस काढला. सुट्टीचा दिवस, ॲपमध्ये दुपारी पूर्ण ओहोटी, म्हणजे पाणी सर्वांत खाली आणि धोका सर्वांत कमी. दिवस निघाला महालयाच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे घटस्थापनेचा.

मनोहररावांनी विचारलं की घरात घट बसलेला आणि तुम्ही मासे धरायला निघालात? आत्या म्हणाली की या माशाला गळ नाही, काटा नाही, हा उपासालासुद्धा चालेल.

उदयही आला. चित्रफीत काढणारा कोणीतरी हवा, असं त्याचं म्हणणं होतं.

खिदिरपूरच्या बाजूचा तो एक जुना, लहान घाट. आदल्या दिवशी तिथे शेकडो लोकांनी पितरांना पाणी दिलं होतं. पायऱ्यांवर दर्भ, काळे तीळ, झेंडूची फुलं, केळीच्या पानांचे तुकडे अजून चिकटून होते. पाणी खूप खाली गेलं होतं. खालच्या पायऱ्यांवर साबणासारखा गुळगुळीत, करडा चिखल चढला होता. दहा-बारा होड्या घाटाला बांधलेल्या होत्या. पलीकडे हावड्याच्या बाजूला कारखान्यांची धुराडी धुरकट उभी. श्रीकांतने खाली गेलेलं पाणी बघितलं आणि त्याला जरा बरं वाटलं. ॲप म्हणत होतं तसंच होतं. तरी त्याने शेवटच्या कोरड्या पायरीच्या खाली कोणी जायचं नाही असा नियम घातला, आणि स्वतः तिच्याहून बऱ्याच वर उभा राहिला.

आत्या त्या कोरड्या पायरीवर गेली. तिथे भिंतीत होड्या बांधायची एक लोखंडी कडी होती. तिने डावा हात कडीत घातला. मग कमरेच्या पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढून तिच्यातला गोडा मसाला अंगठ्याने प्लॅस्टिकच्या माशाला चोळला. श्रीकांत म्हणाला की खोट्या माशाला वासाची गरज नसते. आत्या म्हणाली की माशाला नसेल, मला आहे.

कडी सोडायची वेळ आली तेव्हा तिने क्षणभर वेळ लावला. मग दोन्ही हातांनी काठी मागे नेली आणि फेकली. कोपरातून, अगदी हलकेच. तो लाल डोक्याचा मासा उन्हात चमकत लांब गेला आणि टप्पकन पडला. आत्याने रीळ फिरवायला सुरुवात केली आणि प्लॅस्टिकचा तो तुकडा शेपूट हलवत, डोकं उडवत, जखमी माशासारखा पाण्यावरून परत येऊ लागला. आत्या हसली. आवाज न करता, सगळ्या तोंडभर. अंबाडा गेल्यापासून तिच्या मानेवर आखूड केस भुरभुरत होते आणि श्रीकांतला ती पहिल्यांदाच म्हातारी वाटायच्या ऐवजी शाळेतली मुलगी वाटली. पुन्हा डावा हात कडीत, पुन्हा तयारी, पुन्हा फेक. उदय चित्रण करत होता. श्रीकांतच्या मनात आलं की आपण बहुतेक हो म्हणणार. त्या विचाराने त्याला जी भीती वाटली, ती वेगळीच.

आणि भित्रा माणूस एखाद्या गोष्टीत रमला तरी त्याचा एक डोळा दारावर असतो. त्या डोळ्याला दिसलं की घाटाच्या होड्या सुटताहेत.

एक सुटली, दुसरी सुटली. उतारू नव्हते, माल नव्हता. नावाडी घाई करत नव्हते, पण कोणी एक शब्द बोलतही नव्हतं. होड्या सरळ नदीच्या मध्याकडे चालल्या होत्या आणि मध्याला पोचलेली प्रत्येक होडी आपलं तोंड दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेला फिरवून थांबत होती. पायरीवर आंघोळ करणारी एक म्हातारी कळशी उचलून वर निघाली. बाजूच्या भटजींनी छत्री मिटली. सगळं अगदी शांतपणे, संध्याकाळी दुकान बंद करावं तसं. फक्त दुपारचे दोन वाजले होते.

शेवटच्या होडीची दोरी सोडणाऱ्या नावाड्याला श्रीकांतने ओरडून विचारलं, काय झालं? नावाडी मान वर न करता म्हणाला, "बान आशछे."

बान येतोय. हा शब्द कोलकात्यात वाढलेल्या पोराला सांगावा लागत नाही. समुद्राची मोठी भरती नदीत शिरते आणि उलट्या दिशेने पाण्याची भिंत धावत येते, तो बान. अमावस्येनंतर, पौर्णिमेनंतर येतो. पूर्ण ओहोटी संपता संपता येतो. काल महालया होती. महालया म्हणजे अमावस्या. श्रीकांतने पोर्ट ब्लेअरच्या समुद्राची घटका न् घटका पाहिली होती आणि जी नदी त्याच्या पायाशी होती तिचं काहीच पाहिलं नव्हतं. सर्वांत सुरक्षित म्हणून निवडलेली वेळ हीच ती वेळ होती.

"आत्या, वर ये."

तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा वळला होता. पण ती हलली नाही. डावा हात कडीत होता.

श्रीकांत खाली उतरला. पाण्याच्या दिशेने आपण धावतोय हे त्याला पायरी संपल्यावर कळलं. दुरून एक आवाज येत होता, खडीचा ट्रक रिकामा करताना येतो तसा, पण न थांबणारा. त्याने आत्याचा दंड धरून ओढलं. दंड आला, हात आला नाही. तिच्या ओठांचा रंग गेला होता. बोटं कडीभोवती आवळून पांढरी पडली होती, आणि त्याने सोड म्हटलं तरी ती सुटेनात. त्याने ती एकेक करून सोडवली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. शेवटचं सुटलं तसं त्याच हाताने तिने श्रीकांतच्या शर्टाची बाही पकडली.

मग पायऱ्या. संपलेल्या गुडघ्याने जिना कसा चढतात ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. डावा पाय वर, मग उजवा त्याच्या शेजारी, मग पुन्हा डावा. पाण्याची भिंत यावी आणि माणसाने एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत जावं. श्रीकांत तिला मागून ढकलत होता की पुढून ओढत होता, हे त्याला नंतरही आठवलं नाही. आठवतो तो फक्त आवाज, आणि उदयचं बोलणं. उदय खालीच होता. फोन धरून म्हणत होता, "जिजू, एवढं काय, फूटभराची लाट असेल. हे काढायलाच हवं."

लाट मध्यावर फूटभराचीच असेल. तिथे होड्या नुसत्या वर गेल्या आणि खाली आल्या. पण काठाशी उथळ पाणी होतं, आणि तिथे ती उभी राहिली. चिखलाच्या रंगाची, फेसाळ, घाटाची कड चाटत, दगडांवर आपटत पळत आली. श्रीकांतने मागे वळून पाहिलं तेव्हा खालच्या पायऱ्या नव्हत्या. कडी नव्हती. उदयही नव्हता.

तो क्षण किती मोठा होता कोण जाणे. मग बऱ्याच डावीकडे, होडी बांधायच्या साखळीला धरलेला एक हात दिसला, मग डोकं. उदय पोहत वगैरे नव्हता. तो साखळीला मिठी मारून नुसता लोंबकळत होता. वर उभ्या असलेल्या दोघा हमालांनी पायऱ्यांवर आडवं होऊन त्याला बगलेत धरलं आणि ओढून काढलं. फोन गेला, एक चप्पल गेली, कोपर ढोपर सोलून निघालं. पाणी आणखी दोन पायऱ्या चढलं आणि निमूट झालं. आदल्या दिवशीची, पितरांची झेंडूची फुलं आत्याच्या घोट्याभोवती येऊन फिरू लागली.

वर रस्त्याला लागून चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर तिघं बसले, मातीच्या भांड्यांतून चहा आला. उदय पहिल्या भांड्याला नुसता कापत होता. दुसऱ्या भांड्याला त्याला वाचा फुटली. तिसऱ्या भांड्याला तो हमालांना बंगाली-हिंदीत सांगत होता की साखळी मुद्दाम धरली, नाहीतर पोहूनच यायचा विचार होता, आणि लाट माणसाच्या उंचीची होती. फोन वाहून गेल्यामुळे लाट वाढायला आता काही आडकाठी राहिली नव्हती.

आत्याने काठी सोडली नव्हती. ती तिच्या उजव्या हातात होती आणि टोकाला तो लाल डोक्याचा मासा गोड्या मसाल्याचा वास मारत झुलत होता. डाव्या हातात श्रीकांतची बाही होती. ती तिने अजून सोडली नाही हे तिच्या ध्यानात नसावं. श्रीकांतच्या होतं. त्या हाताची थरथर बाहीतून त्याच्या दंडात येत होती. त्याला वडाचं मूळ आठवलं, आणि एकदम वाटलं की त्या मुळाचा आणि मासा लागण्याचा काही संबंध नसावा.

आत्या म्हणाली, "बान. तीस वर्षं शिकवला मी हा धडा. परीक्षेत हमखास यायचा."

"चूक माझी आहे," श्रीकांत म्हणाला. "मी वेळा बघितल्या त्या तिकडच्या. इथलं बघितलंच नाही."

"मी तर काहीच बघितलं नाही. मी मासा बघत होते."

चहा निवला होता. समोर होड्या मध्यावरून एकेक परत येत होत्या, जणू काही झालंच नव्हतं. श्रीकांतने संध्याकाळी बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवलं. नाही म्हणायचं. घट बसलेल्या घरात बाबा शांतपणे मान हलवतील, ताक मागतील. खडूचे ठिपके खडूचेच राहतील. उन्हाळ्याच्या आत गुडघा होईल आणि आत्या पुन्हा तलावाच्या काठी छत्रीखाली बसेल, मुळावर हात ठेवून. नाहीतर उदय. उदय उद्या पुन्हा तयार होईल. त्याला या घाटावरून कोणी दुसऱ्यांदा ढकललं तरी तो परवा तयार असेल.

तेव्हा, जे चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याने चहाच्या रिकाम्या भांड्याकडे बघत सांगून टाकलं.

"आत्या, मला बोट लागत नाही. मला पाण्याची भीती वाटते. पहिल्यापासून. आत्तासुद्धा पाय कापताहेत माझे. मला जमणार नाही हे. उदयला घेऊन जा, त्याला कशाचीच भीती वाटत नाही."

आत्याने एकवार उदयकडे पाहिलं. लाट तोवर ताडाच्या झाडाला पोचली होती. मग तिने श्रीकांतची बाही सोडली, चुरगळली होती ती तळहाताने नीट केली, आणि म्हणाली,

"न घाबरणाऱ्या माणसाबरोबर मी पाण्याजवळ जात नाही."